ट्रेबल, बास आणि आमचे हे

पालघर, शनिवार, ३ डिसेंबर १९६६

दातिवऱ्याच्या शाळेत सातवी पास झाले तेव्हा गुरुजींनी ही वही बक्षीस दिली होती. पाच वर्षं ट्रंकेत कोरी पडून होती, कारण दातिवऱ्यात लिहिण्यासारखं काही घडलं नाही. बोटी गेल्या, बोटी आल्या. आता माझं लग्न झालंय. आज आठवा दिवस.

सासरी माणसं दोनच. सासूबाई गोजराबाई, पालघरच्या बाजारात सुकी मासळी विकतात. आणि हे. यांचं नाव लिहिणार नाही, वही कुणाच्या हाती लागली तर काय म्हणतील. एवढंच लिहिते की रावणाला मारणाऱ्याचं नाव आहे.

यांचा धंदा लाऊडस्पीकरचा. सहा वर्षं मुंबईत कर्णे भाड्याने देणाऱ्या एका डेपोत काम करून मशीन घेऊन आले. पुढच्या खोलीत पाटावर ॲम्प्लिफायर आहे, त्यावर सासूबाईंनी विणलेला रुमाल. वर खिळ्यांना चार कर्णे टांगलेत. एकात सासूबाई लसूण ठेवतात.

माणूस फार शांत आहे. काल जेवताना मी विचारलं, "आमटी तिखट झाली काय?" तर हे म्हणाले, "तिकीट कशाला? चालत जाऊ." मला वाटलं थट्टा केली. मग मी, "भात वाढू?" तर म्हणाले, "हात धुतलेत." मी हसले, तेही हसले. विनोदी नवरा मिळाला म्हणायचा.

रात्री मात्र मला रडू आलं. म्हटलं, मला माहेरची आठवण येते. तर हे म्हणाले, "साठवण मोठी हाय. माळ्यावर." मी पुष्कळ वेळ विचार करत पडले. आठवणी माळ्यावर ठेवून द्यायच्या आणि संसाराला लागायचं, असंच ना? दोन शब्दांत केवढं बोलून गेले.

मंगळवार, ६ डिसेंबर

एक गोष्ट खटकते. हे आईच्या मुठीत आहेत. मी तीनदा सांगितलं, "अहो, पाणी आणा," तर नुसते गोड हसले. सासूबाईंनी आतून एकदा जात्यासारख्या भरड आवाजात "घागर!" म्हटलं, तर ताडकन उठले. बायकोचं ऐकायचं नाही, आईचं एका हाकेत. बघू, किती दिवस चालतं ते.

रविवार, ११ डिसेंबर

आज यांनी मला मशीन शिकवलं. मीच बोट दाखवून दाखवून विचारलं. यांचा आवाज फार मोठा, शेजारची जमना तिच्या ओट्यावर बसून माझ्याबरोबर शिकली. धंदाच तसा, आवाज मोठा असणारच. विसरायला नको म्हणून लिहून ठेवते.

माईक : हा आवाज पकडतो. याच्यापुढे खोकू नये.

ॲम्प्लिफायर : लहान आवाजाचा मोठा करतो. आत काचेचे दिवे आहेत, त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. तापले की चालू. सासूबाईंसारखंच.

गेन : माईकमधून किती आवाज आत घ्यायचा ते. व्हॉल्यूम म्हणजे किती बाहेर सोडायचा ते. आत जास्त घेतला की आवाज फाटतो. जाळ्यात मावतील तेवढेच मासे घ्यावेत.

बास : खोल पाण्यातला आवाज. ढोल, गाडीचं इंजिन, सासूबाई.

ट्रेबल : वरवरचा आवाज. टाळ, बांगड्या, मी.

हम : मशीन रिकामं असताना गुणगुणतं ते. वायर नीट लावली की जातं.

फीडबॅक : म्हणजे शिट्टी. माईक बोलतो, कर्णा ऐकवतो, तेच माईक पुन्हा ऐकतो, पुन्हा कर्ण्याला सांगतो, आणि गोल गोल फिरत त्याची किंकाळी होते. जमनाला घरातली गोष्ट सांगितल्यावर गल्लीत जे होतं तेच. म्हणून कर्णा माईकच्या पुढे टांगावा, तोंड लोकांकडे.

हे म्हणाले, "पण माज्या मशीनला कदी शिट्टी येतच नाय." छातीवर हात ठेवून म्हणाले. ट्रेबलचं बटण मात्र शेवटपर्यंत उजवीकडे पिळून ठेवतात. "त्याबिगर गोडी नाय," म्हणतात. माझे दात शिवशिवले. शहरात लोकांना असंच आवडत असेल.

रविवार, १८ डिसेंबर

केळव्याला लग्नात आमचं मशीन होतं. मी आणि सासूबाईही गेलो. शिट्टी आलीच! अशी आली की भटजी अंतरपाट टाकून कान धरून बसले आणि नवरा-नवरीने एकमेकांना मुहूर्ताआधीच बघून घेतलं. लोक ओरडायला लागले. पण हे? मशीनपाशी उभे, तोंडावर तेच मंद हसू. एवढ्या गोंधळात एवढी शांती मी कीर्तनात ऐकली होती, बघितली नव्हती.

शेवटी यांचं सासूबाईंकडे लक्ष गेलं आणि यांनी बटण फिरवलं, शिट्टी थांबली. सासूबाई तेव्हा स्वतःचा कान चोळत होत्या. दिवसभरात सात-आठ वेळा चोळला. बिचारीचा कान दुखत असणार. घरी आल्यावर लसूण घालून तेल कोमट केलं आणि नको नको म्हणत असताना त्यांच्या कानात ओतलं.

गुरुवार, ५ जानेवारी १९६७

मोठं काम आलंय. पुढच्या महिन्यात निवडणूक. वामनराव म्हणून एक उमेदवार उभे आहेत, त्यांचे कार्यकर्ते भगवंतराव आज घरी आले. मूळचे परभणीकडचे, बोईसरला कामाला असतात. आवाज ढोलासारखा. यांनी त्यांचं अक्षर न् अक्षर ऐकलं.

"पंधरा तारखेला पालघर, एकोणतीसला बोईसर," भगवंतराव म्हणाले. "ह्या दोन सभा नीट झाल्या तर पुढच्या साऱ्या तुम्हालाच. नाही झाल्या, तर मुंबईहून दुसरा माणूस आणतो."

ते गेल्यावर सासूबाईंनी मला यांच्या जुन्या डेपोचं पत्र वाचायला दिलं. मालक परत बोलावतोय, हमाल म्हणून. कर्णे वाहायला. या सभा हातच्या गेल्या तर मशीन विकून जावं लागेल. मी मुंबईला जाणार नाही हे इथे लिहून ठेवते. पण हे गेल्यावर मी इथे कुणाशी बोलू, हेही लिहिते. म्हणजे मला माणूस आवडायला लागलाय वाटतं. ऐकत नाही एवढंच.

शनिवार, १४ जानेवारी

संक्रांत. सासूबाई तापाने फणफणल्यात. अंथरुणातून एकच घोष, "उद्या मी नसले तर कसं व्हायचं गं याचं?" मी म्हटलं, मी आहे ना. तर माझ्याकडे असं बघितलं जसं गिऱ्हाईक शिळ्या बोंबलाकडे बघतं.

रविवार, १५ जानेवारी

आज जे झालं ते लिहायची लाज वाटते. तरी लिहिते.

सभा संध्याकाळी पाचला. माणसं पुष्कळ. मी जमनाबरोबर बायकांत बसले होते. कर्णे खांबांवर नीट टांगले होते, पण भगवंतरावांनी आयत्या वेळी एक उतरवून व्यासपीठाच्या मागे लावला, साहेबांना स्वतःचा आवाज ऐकायला आवडतो म्हणून. वामनराव उठले, म्हणाले, "माझ्या बंधू आणि—" आणि भगिनींच्या जागी शिट्टी आली.

अशी शिट्टी मी जन्मात ऐकली नाही. बाजारातली कुत्री वर तोंड करून रडायला लागली. हे मशीनपाशी बसून मंद हसत होते. वामनराव हात खालीवर करून "बंद! बंद!" म्हणाले. यांना वाटलं, वाढवा म्हणतायत. यांनी वाढवलं.

"विरोधकांचं काम आहे हे!" भगवंतराव ओरडले. पोरं शिट्टीत शिट्टी मिसळायला लागली. मला राहवलं नाही. पदर खोचला आणि बाप्यांच्या गर्दीतून घुसत थेट मशीनपाशी गेले. यांच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडले, "अहो, शिट्टी! शिट्टी!"

यांनी चमकून माझ्याकडे बघितलं. दुसरा माईक टेबलावर होता, चालू. आणि हे त्यांच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले, "मिठी? हितं? एवड्या लोकांत?"

चारही कर्ण्यांतून गेलं ते. बाजार, एस.टी. स्टँड, स्टेशनापर्यंत.

क्षणभर शिट्टीसुद्धा ऐकू आली नाही, लोक एवढे हसले. आणि मी तिथे उभी राहून यांच्या तोंडाकडे बघत होते. तिखट आणि तिकीट. भात आणि हात. आठवण आणि साठवण. केळव्याचं लग्न. सासूबाईंचा न दुखणारा कान. सगळं एकदम डोक्यात उजाडलं.

मी वाकले, ट्रेबल डावीकडे पिळलं, गेन खाली आणला. शिट्टी थांबली. सभाही थांबली होती, कारण वामनराव गाडीत जाऊन बसले होते.

सोमवार, १६ जानेवारी

सकाळी सासूबाईंसमोर उभी राहिले. म्हटलं, "आई, यांना ऐकू येत नाय."

"येतं," त्या म्हणाल्या. "जाड आवाज येतो. बारीक नाय येत. सहा वर्सं कर्ण्याच्या तोंडाशी झोपलाय तो डेपोत. कुनाचे डोळे जातात, कुनाचे हात. ह्याचे कान गेले."

"मला का नाय सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुज्या बापाने पोरगी दिली असती? आन् लोकांना कळलं, लाऊडस्पीकरवाला भयरा हाय, तर कोन बोलावनार?"

मी ट्रंक भरली. खरं लिहिते, भरली. फसवलं मला. दीड महिना मी एका माणसाला शहाणा, शांत, विचारी समजत होते आणि तो नुसता बहिरा निघाला. मी रोज रात्री मनातलं सगळं सांगत होते ते कुणाला? भिंतीला.

हे दारात येऊन बसले. मग म्हणाले, आणि पहिल्यांदाच हळू म्हणाले, "तू आली तवापासून तुजा आवाज मी ऐकला नाय, शकू. तोंड हलताना दिसायचं. पन लाज वाटायची इचारायला. मला वाटलं, बायको गरीब हाय, कमी बोलते. मी देवाला नारळ पन फोडला."

कमी बोलते! मी! दातिवऱ्यात माझी आई मला बोंबिलवाडी म्हणायची.

मला हसू आलं. रागात हसू येणं फार वाईट, राग परत गोळा करता येत नाही. दुपारी जेवणाची वेळ झाली म्हणून ट्रंक बाजूला सरकवली. ती अजून तिथेच आहे, भरलेली. पण पोळपाट तिच्यातच गेला होता तो काढून घेतला.

गुरुवार, १९ जानेवारी

आज प्रयोग केला. घरी कुणी नव्हतं, सासूबाई बरं वाटून बाजारात गेल्या होत्या. यांनी कर्णा भिंतीकडे तोंड करून ठेवला, लसूण काढला, ट्रेबल पार बंद केलं, बास पूर्ण. मला माईक दिला. स्वतः दोन हात दूर बसले. मी बोलले. यांनी मान हलवली, नाही. मी आणखी खालच्या आवाजात बोलले. नाही. मग मी सासूबाईंची नक्कल केली. पोटातून, हनुवटी छातीला लावून. म्हटलं, "अहो. मी शकू."

यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. भरती येते तेव्हा पाणी आधी वाळूच्या खालून वर येतं, तसं काहीतरी.

"परत बोल," म्हणाले.

मी परत बोलले. मग माईक ठेवला आणि जवळ जाऊन तशाच भरड आवाजात बोलत राहिले. तासभर. दातिवऱ्याचं, आईचं, आमच्या बोटीचं. गेल्या दीड महिन्यातलं थोडं थोडं परत सांगितलं. हे ऐकत होते. खरोखर ऐकत होते. घसा पार खरवडून निघाला.

तेवढ्यात सासूबाई झाडू उगारून आत आल्या. मागे जमना. जमनाने बाजारात जाऊन सांगितलं होतं की रामाच्या खोलीत शकू एकटी हाय आन् कोन बाप्या बोलतोय! (हे नाव जमनाने घेतलं, मी नाही.)

"कुठं हाय तो मेला?" सासूबाई.

मी हनुवटी छातीला लावली आणि म्हटलं, "मीच हाय, आई."

सासूबाईंच्या हातून झाडू पडला. जमना दाराबाहेर पळाली आणि अर्ध्या तासात गल्लीभर झालं की मला लागीर झालंय.

मंगळवार, २४ जानेवारी

भगवंतराव आले, बोईसरची सभा रद्द सांगायला. हे खाली मान घालून बसले. मला वाटलं, गेलं सगळं. पण मग माझ्याच तोंडातून निघालं, "दादा, दोष मशीनचा नव्हता. तुमी कर्णा माईकच्या पाठी लावलात. तो माईकच्या पुढे पायजे. ट्रेबल जास्त होतं, ते आमी कमी ठेवू. गेन आधी बेतशीर धरू, मग व्हॉल्यूम. मग फीडबॅक येईलच कसा?"

भगवंतराव माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना काहीही समजलं नाही हे दिसत होतं. न समजलेल्या गोष्टीचा माणसावर फार परिणाम होतो.

"मशीनवर कोण बसणार?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हटलं. "हे खांब आन् वायरी बघतील."

"बाई माणूस? राजकीय सभेत?"

आतून जात्याचा आवाज आला. "मी वीस वर्सं बाजारात बसते. चार हजार बाप्ये बगितले. माजी सून बसंल तर काय बिघडलं?"

भगवंतराव हो म्हणाले. त्या आवाजाला नाही म्हणणारा मी अजून बघितलेला नाही.

रात्री ट्रंक रिकामी केली. उद्या लुगडं लागणारच होतं, म्हणून.

रविवार, २९ जानेवारी

बोईसर. हजारभर माणूस, कारखान्यांतले कामगार, कुंभवलीकडचे शेतकरी. मी मशीनपाशी स्टुलावर बसले तर पुढच्या रांगेतला एक हिंदी कामगार म्हणाला, "अरे, आज रेडियो की बहनजी आई हैं क्या?" हे खांबावर चढले होते. वरून त्यांनी हात हलवला, मी हात हलवला.

व्हॉल्व्ह तापले. हम नाही. माईकवर बोटाने टकटक केलं, आवाज स्वच्छ. वामनराव उठले.

"माझ्या बंधू आणि भगिनींनो, स्वच्छ शासनासाठी—"

शिट्टी!

लहान होती, पण होती. गेन खाली घेतला. तरी शिट्टी. कर्णे बघितले, सगळे पुढे. व्हॉल्यूम कमी केला तर शिट्टीही तेवढीच कमी झाली, गेली नाही. असं होत नाही! भगवंतराव डोळे वटारून माझ्याकडे यायला निघाले. मी डोळे मिटले आणि नुसतं ऐकलं. "समाज" म्हटलं की शिट्टी. "संघर्ष" म्हटलं की दोन. "गरीब" म्हटलं की नाही.

ती मशीनची नव्हतीच. डोळे उघडून बघितलं तर वामनरावांच्या तोंडात नवी कोरी कवळी! दातांच्या फटीतून प्रत्येक स ला वारा सुटत होता.

मी ट्रेबल हळूहळू डावीकडे आणलं. आणखी डावीकडे. मग बास जरा वर. शिट्टी विरघळली आणि वामनरावांचा आवाज असा निघाला की जणू समुद्राच्या तळातून कुणी दाढीवाला ऋषी बोलतोय. ते स्वतःच दचकले. मग त्यांना तो आवाज इतका आवडला की वीस मिनिटांचं भाषण दीड तास चाललं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "अच्छा बोलता है," तो कामगार म्हणाला, "क्या बोला मालूम नहीं."

हे खांबावरून सगळ्यांची तोंडं बघत होते. कुणीही कान धरला नव्हता. खाली उतरून माझ्याशेजारी उभे राहिले, तेव्हा शर्टाला तेल, गुडघा फाटलेला.

सभा संपल्यावर वामनराव स्वतः मशीनपाशी आले आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "बाई, दोन महिने झाले. घरी, दारी, सगळीकडे शिट्टी. फक्त आज इथे ऐकू आली नाही. काय केलंत?"

"ट्रेबल कमी केलं, साहेब."

"माझ्या बायकोला शिकवाल?" म्हणाले. मग भगवंतरावांना हाक मारली. "मतदानापर्यंत सगळ्या सभा ह्यांच्याकडे. दुसरं मशीन दिसलं तर मी तोंड उघडणार नाही."

डेपोच्या मालकाला यांनी आजच कार्ड टाकलं. पत्ता मी लिहिला, मजकूर यांनी. एकच ओळ : "येत नाही."

शुक्रवार, ३ फेब्रुवारी

आज सभा नाही. बोईसरनंतरचा पहिला रिकामा दिवस. माझ्या मनात होतं, दोघांनीच तीनचा सिनेमा बघावा. लग्न झाल्यापासून दोघंच असे कुठे गेलोच नाही. पण सांगायचं कसं? भरड आवाजात बोलले तरी भिंतीपलीकडे जमना. म्हणून यांना कोपऱ्यात नेलं, कानाला तोंड लावलं आणि जेवढं खालून, जेवढं हळू बोलता येईल तेवढं बोलले, "सिनेमाला जाऊ या. दोघंच. कुनाला सांगू नका."

यांना सगळं ऐकू आलं. एकही शब्द चुकला नाही. आनंदाने यांचा चेहरा फुलला आणि हे म्हणाले, त्यांच्या नेहमीच्या आवाजात, "सिनेमाला? दोगंच? बरं, कुनाला नाय सांगत!"

पावणेतीनला ओट्यावर सासूबाई, जमना, जमनाची तीन पोरं, तिचा दीर आणि समोरची म्हातारी सुगंधा नवी लुगडी-कपडे घालून तयार. सगळे मिळून नऊ जण गेलो.

तरी शेजारी शेजारी बसलो. पडद्यावर हिरॉईन झाडाला धरून रडत होती. यांना तिचा बारीक आवाज कुठला ऐकू येणार? विचारत होते, "काय म्हनते?" मी हनुवटी छातीला लावून, पोटातून, सगळं सांगत होते. ती म्हणते, परत या. ती म्हणते, मी वाट बघेन. ती म्हणते, तुमच्यावाचून माझं कुणी नाही. हे डोळे पुसत होते.

पुढच्या रांगेतला माणूस अंधारात मागे वळला आणि वैतागून म्हणाला, "ओ काका, जरा हळू!"

काका म्हणजे मी.